झुंबरमामांची लाइन

आमच्या घरामागं सोळा लाकडं रचलेली होती आणि लग्न होऊन मी ह्या वस्तीवर आले त्या दिवसापासून माझं त्या सोळाही लाकडांशी वाकडं होतं. एकेक लाकूड पाच फूट लांब, उचलायला दोन गडी लागावेत असं जड आणि काळंकुट्ट. उन्हाळ्यात त्यांना डांबराचा घाम फुटायचा. पदर लागला की पदर गेला. खाली विंचू. आणि वास असा, की इंदापूरहून कुणी पाहुणा आला की बसायच्या आधी नाक वर करून विचारायचा, "रस्त्याचं काम निघालंय का काय हितं?"

रस्त्याचं कसलं, रेल्वेचं! रुळांखाली आडवे टाकतात ते लाकडी स्लीपर होते ते, बारामतीच्या जुन्या छोट्या गाडीच्या लाइनीचे. छोटी लाइन उखडून मोठी टाकली तेव्हा जुनं लाकूड लिलावात निघालं. लोकांनी गोठ्याला नेलं, छपराला नेलं. माझ्या सासऱ्यांनी सोळा नग आणले आणि कशालाच लावले नाहीत. नुसते रचून ठेवले.

सासऱ्यांचं नाव झुंबर. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या, म्हणून मीही मामाच म्हणते. मामा त्या लाइनीवर चावीवाले होते. चावीवाल्यानं रोज सकाळी खांद्यावर हातोडा टाकून आपल्या वाटणीची लाइन पायी चालायची, सैल झालेला खिळा ठोकायचा, सरकलेली चावी, म्हणजे रूळ धरून ठेवणारी लोखंडी पाचर, बसवायची, शेवटाला पोचायचं आणि तसंच माघारी यायचं. खडीवर पाय मुरगळतो, म्हणून चालायचं स्लीपरवरून. एका स्लीपरवर एक पाऊल. तीस वर्षं असं चालल्यावर मामांचं पाऊल अडीच फुटाचंच झालं होतं. बाजारात अडीच फूट, लग्नात अडीच फूट. आत्या, म्हणजे बनाबाई, जन्मभर त्यांच्या मागं धावत गेली. वस्तीवर कुणाला ठिबकची नळी मोजायची असली तर लोक म्हणायचे, टेप कशाला, झुंबररावांना बोलवा.

मीही बारामतीचीच. शाळेत असताना एकदा त्या छोट्या गाडीत बसले होते. खिडकीतून बघितलं तर माळावर एक माणूस लाइनीच्या बाजूला उभा राहून हिरवं निशाण दाखवत होता. गाडी पुढं गेली तरी तो तसाच उभा होता. ते मामाच असतील असं मी मनाशी ठरवून टाकलंय. कोण विचारायला येतंय!

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत मी एक उद्योग करून बसले. स्लीपरांच्या ढिगाशेजारी त्यातलाच एक फुटका ढलपा पडला होता. वाळलेलं लाकूड वाया कशाला घालवा, म्हणून घातला बंबात. देवा रे! असा काळा धूर उठला की माझे डोळे चुरचुरून लाल झाले आणि माझा नवरा, अविराज, अंगाला साबण तसाच घेऊन खोकत बाहेर आला. मामा कुठूनसे आले, बंबात बादली ओतली, राख घमेल्यात भरली आणि लांब पडीक तुकड्यात खड्डा करून पुरून आले. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण मामा ओरडले नाहीत.

"हे जळणाचं न्हाय, पोरी," ते म्हणाले. "ह्याला औषध पाजलंय. जे वाळवीला मारतं ते आपल्याला काय सोडंल? धूर न्हाय घ्यायचा, भुसा न्हाय घ्यायचा. कोंबड्यांजवळ न्हाय, विहिरीजवळ न्हाय, भाजीच्या वाफ्याजवळ न्हाय."

"मग ठेवलंय कशाला?"

"आसू दे," म्हणाले. एवढंच. मी कपाळावर हात मारला.

तीन वर्षांपूर्वी मामांचा उजवा हात थरथरायला लागला. मग पाय गेले. गेले म्हणजे, होते तिथंच होते, पण उचलत नव्हते. मामा दारापर्यंत यायचे आणि दारात थांबायचे. अंग पुढं वाकायचं, पाय जमिनीला चिकटलेले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आत्याला वाटायचं, रुसलेत. "नाटकं करत्यात," म्हणायची. मलाही आधी तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? मग बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात आहे, ह्यात पाय गोठतात. गोळ्या सुरू झाल्या. हात जरा थांबला, पण दारातलं थांबणं काही सुटलं नाही.

आणि आमचा संडास अंगणाच्या पलीकडं, चाळीस फुटांवर. घरात बांधू म्हणून अविराज कितीदा बोलला. दोन खोल्यांचं घर, एका भिंतीला चूल आणि दुसरीला देव्हारा. मामा म्हणाले, मी असेस्तोवर न्हाय. मग खालून भांडं असलेली ती खुर्ची आणली. मामांनी तिच्याकडं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. आता तिच्यावर कांद्याची पाटी असते. अविराज लोणी देवकरला कारखान्यात, पाळीवर. आत्याचे गुडघे गेलेले. राहिले कोण? मी. मामांच्या काखेत हात घालून, पाऊल उचला मामा, उचला मामा, करत न्यायचं, दाराशी उभं राहायचं आणि परत आणायचं.

मी काही देवमाणूस नाही. कणीक मळताना हाक आली की माझ्या तोंडून निघायचं, "आत्ताच का?" मामा म्हणायचे, "र्‍हाऊ दे, घाई न्हाय." त्यांच्या तोंडाकडं बघवत नसे. सारी जिंदगी पायांवर काढलेला माणूस, सुनेच्या हातात हात देऊन संडासला जातोय. त्यांना दुसरं काही नको होतं. चांगलं व्हायचं नव्हतं, तीर्थाला जायचं नव्हतं. त्या चाळीस फुटांवर आपल्या पायांनी जायचं होतं, बास.

पण झोपेत मामा चालायचे. सकाळी चहा देताना मी विचारायची, "मामा, आज कुठवर?"

"कटफळ ठेसनाच्या पुढं गेलो," ते डोळे अर्धे मिटून सांगायचे. "उन्हं आली नव्हती आजून. माळावर हरणं उभी हुती, माना वर करून. मी हात लावला तर रूळ गार."

"आणि गाडी?"

"गाडी कवाच येत न्हाय. नुसती लाइन. गवतातनं जाती, जाती, लई लांब जाती. मी आपला चालतोय."

"पगार तेवढा घरी आणून द्या," मी म्हणायची. मामा हसायचे. पण ते सांगायला लागले की माझा हात थांबायचा हे खरं. भाजी चिरता चिरता मला ते गवत दिसायचं. शिरसुफळच्या बाजूची ती ओढ्यावरची मोरी दिसायची, जिच्याखाली मामा दुपारची भाकरी खायचे. आमच्या अंगणात ऊन चढलं, मागच्या लाकडांचा वास सुटला की मलाच वाटायचं, उठावं आणि ह्या वासाच्या मागं मागं चालत जावं. भाजी करपायची.

एकदा मी विचारलं, "मामा, तिथं पाय अडत नाहीत?"

"तितं कशाला अडतील? खाली स्लीपर हायेत की."

मी हे ऐकलं आणि सोडून दिलं. अक्कल म्हणतात ती अशी उशिरा येते.

गेल्या माघात हायवेवरच्या एका नव्या हॉटेलाचा मालक आला, यशराज नावाचा. त्याला म्हणे बागेत जुन्या रेल्वेच्या लाकडाचे बाक करायचे होते. मी तर एका पायावर तयार! मामांना विचारलं. ते भिंतीकडं बघत म्हणाले, "न्या." मी त्या "न्या"चा फार विचार केला नाही. मला अंगण मोकळं दिसायला लागलं होतं.

न्यायच्या आधी खिळे उपसायला गुलजार आला. गुलजार म्हणजे इंदापूरचा जुन्या लाकडाचा व्यापारी, स्वतः सुतार. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात जाड मोजे, काखेत पहारीसारखी खिळे उपसायची पकड. त्यानं सोळाही स्लीपर मागून ओढून आणले आणि चारी बाजूंनी बघता यावेत म्हणून अंगणात दारापासून ओळीनं आडवे टाकले, मध्ये वीतभर जागा ठेवून.

दहाच्या सुमाराला मामांनी मला हाक मारली. मी त्यांना चपला घालून दिल्या, दारापर्यंत आणलं. दारात नेहमीसारखे पाय चिकटले. तेवढ्यात आत दूध उतू गेलं. "चौकट धरून उभे राहा," म्हणून मी आत पळाले. गॅस बंद केला, फडकं टाकलं आणि बाहेर येऊन बघते तर दारात मामा नाहीत!

मामा पाचव्या स्लीपरवर होते.

चालत होते. मान खाली, डोळे लाकडावर. पाऊल उचलायचं, पुढच्या लाकडावर टाकायचं. उचलायचं, टाकायचं. गुलजार हातातला खिळा तसाच धरून उभा होता, तोंड उघडं. आत्या ओट्यावर बसली होती, तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. सातवं, आठवं. अंगणात एवढी शांतता की चपलेचा लाकडावरचा आवाज येत होता. सोळाव्या स्लीपरवर मामा पोचले. पुढं साधी माती होती. पाय थांबले.

मामांनी मान वळवली. "वृषाली," ते म्हणाले, "लाइन सपली."

मी रडत होते की हसत होते, मला ठाऊक नाही. धावत गेले आणि त्यांना धरलं.

दुपारी यशराजचा टेम्पो आला. मी फाटकातच आडवी. म्हटलं, "लाकूड द्यायचं नाही."

"वैनी, शब्द दिला हुता तुमी."

"दिला होता, आता परत घेतला. रागवा हवं तर. तुमच्या गिऱ्हाइकांना बसायला खुर्च्या आणा." तो पुष्कळ बोलला. मीही काही कमी बोलले नाही. टेम्पो रिकामा गेला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ह्या आजारात असं होतं. सपाट जमिनीवर पाय गोठतो, पण डोळ्यांपुढं आडवे पट्टे असले की उचलतो. चुन्याचे पट्टे मारले तरी चालेल. मी लगेच अंगणभर चुन्याचे पट्टे मारले. मामांनी दारातून बघितलं आणि म्हणाले, "रांगुळी काढली व्हय?" पाय हलले नाहीत. घ्या आता!

मग ठरलं, स्लीपरच पुरायचे, दारापासून संडासापर्यंत. विहीर आणि वांग्याचे वाफे घराच्या दुसऱ्या अंगाला, म्हणून ती काळजी नव्हती. गुलजारनं मला अविराजचे कारखान्यातले हातमोजे घालायला लावले आणि मगच लाकडाला हात लावू दिला. चर खणले, खाली खडी टाकली, म्हणजे पाणी साचणार नाही आणि लाकूड मातीत भिजत पडणार नाही. वरची बाजू जमिनीच्या बरोबरीत, पायाला ठेच लागायला नको. मामा खुर्चीत बसून मुकादमासारखे हुकूम सोडत होते. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा ऐकला!

गुलजार म्हणाला, "झुंबरराव, मधी वीतभर जागा ठेवतो. परवासारखी."

"वीतभर?" मामा उसळले. "लाइन हाय का जिना हाय? अडीच फूट. एक इंच हिकडं न्हाय, एक इंच तिकडं न्हाय."

गुलजारनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. लाइनीतलं त्यांच्यापेक्षा जास्त कुणाला कळतंय, असं वाटलं मला. अडीच फुटानं टाकले तर सोळा स्लीपर दारापासून संडासापर्यंत बरोबर पुरले. मामा एवढे खूश झाले की त्यांनी माझ्याकडून गुलजारसाठी दोनदा चहा करून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून, धुतलेला पायजमा घालून मामा निघाले. कुणी धरायचं नाही, अशी ताकीद. पहिला स्लीपर. दुसऱ्यासाठी पाय उचलला, लांब टाकला, कसाबसा पोचला. तिसऱ्यासाठी पाय उचलला आणि निम्म्यातच खाली आला. अंग पुढं गेलं. गुलजार जवळच उभा होता म्हणून डोकं वाचलं. गुडघा सोलून निघाला.

मामा मातीत बसून राहिले. मी हळद आणली, त्यांनी हात बाजूला केला. दोन स्लीपरांमधल्या त्या जागेकडं बघत होते. "पाऊल गेलं," ते म्हणाले. "माझं पाऊलच गेलं, गुलजार."

दोन दिवस मामा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. चहाला मी विचारलं, "आज कुठवर?"

"कुठंच न्हाय."

स्वप्नातसुद्धा गेले नाहीत हो! मला इतका राग आला, कुणावर ते कळेना. वीतभर जागा ठेव म्हणून मीच का सांगितलं नाही? तसेच ठेवले असते तर सोळा लाकडं अर्ध्या अंगणातच संपली असती, हेही होतं. आत्या देवापुढं बसून होती. मी पुन्हा काखेत हात घालून मामांना नेत होते, पुरलेल्या लाकडांच्या बाजूनं, मातीतून. ते लाकडांकडं बघत नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझा फोन मागितला. "गुलजार," म्हणाले, "करवत आन. प्रत्येकाचे दोन कर."

गुलजार आला खरा, पण करवत खाली ठेवून उभा राहिला. "झुंबरराव, असं लाकूड आता बघायला मिळत न्हाय. अख्खा नग हाय. येकदा कापला की कापला."

"गाडी जायची न्हाय आता हिच्यावरनं," मामा म्हणाले. "मी जायचोय. काप."

स्लीपर पुन्हा वर काढले. गुलजारनं नाकातोंडाला फडकं गुंडाळलं, डोळ्यांना चष्मा लावला, खाली ताडपत्री अंथरली. मामांची खुर्ची त्यानं वारा येत होता त्या बाजूला लांब ठेवली आणि आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. बाहेरून कोळशासारखं काळं लाकूड आतून लालसर निघालं. करवत चालली तसा तो वास वस्तीभर पसरला. मामांनी डोळे मिटले होते. एकेक स्लीपर कापायला घेतला की ते लांबूनच म्हणायचे, "ह्यो मोरीजवळचा... ह्यो वळणावरचा, हितं चंडोल घरटं करायचा खडीत... ह्याच्यावर मी पहिल्यांदा बसलो हुतो, नोकरीच्या पहिल्या दिशी, पाय भरून आले म्हणून." मिटल्या डोळ्यांनी ओळखत होते की आपले मनानं सांगत होते, देव जाणे. गुलजार प्रत्येक वेळी थांबायचा, "व्हय झुंबरराव," म्हणायचा आणि मग करवत चालवायचा. सगळा भुसा त्यानं पोत्यात भरून तोंड शिवलं. शेणखतात नाही टाकायचा, जाळायचा तर नाहीच.

मग त्यानं अंगणात पाणी शिंपडलं. मला म्हणाला, "वैनी, धरून चालवा जरा." ओल्या मातीत मामांची पावलं उमटली. लहान, घसटत गेलेली. गुलजारनं उकिडवं बसून दोन पावलांमधलं अंतर टेपनं नाही, हातानं मोजलं. मामा बघत होते. मला वाटलं, आता उसळतील. ते म्हणाले, "हाय त्ये हाय. तसंच टाक."

बत्तीस तुकडे झाले. चाळीस फुटाला ते पुरून उरले. पहिला तुकडा गुलजारनं थेट दाराला खेटून बसवला.

आणि त्या सकाळी मामा निघाले. मी ओट्यावर बसले होते, आत्याच्या शेजारी. उठायचं नाही, असं मला मामांनी बजावलं होतं, आणि आत्यानं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. अंगणात कोवळं ऊन होतं. मामांनी पहिल्या लाकडावर पाय ठेवला, दुसऱ्यावर ठेवला. घाई नाही, थांबणं नाही. हात मागं बांधलेले, मान खाली. लाकूड बघत होते, खिळ्यांची भोकं बघत होते, जसे कामावर निघालेत. मला खरंच वाटलं, हे आता अंगण ओलांडून, बांध ओलांडून, तसेच गवतातून पुढं जातील.

मामा संडासाशी पोचले. दार उघडलं, आत गेले आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. तीन वर्षांत ती कडी कुणी आतून लावली नव्हती, कारण मी दाराशी उभी असायची.

ते तसेच परत आले. एकेका लाकडावरून, दारापर्यंत. ओट्याला टेकून बसले, टोपी काढून कपाळ पुसलं आणि म्हणाले, "सूनबाई, पानी दे."

मी तांब्या भरून दिला. मामांनी तो तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला, गटागटा, खाली न ठेवता. पाणी मिशीवरून सदऱ्यावर सांडलं. "आजून दे," म्हणाले. मी दुसरा दिला. तोही संपवला. मी हसून म्हटलं, "अहो मामा, एवढी तहान?"

आत्या एकदम पदरात तोंड घालून रडायला लागली. मी म्हटलं, आता काय झालं? आता तर सगळं चांगलं झालं ना?

"तुला काय ठावं, पोरी," ती म्हणाली. "तीन वर्सं हा मानूस घसा वला करन्यापुरतं पानी पेतोय. दिसाकाठी दोन घोट. ओठ फुटायचं तरी तांब्याला हात लावत नव्हता. मी भांडायची, तर म्हनायचा, जास्त पेलो की जास्त येळा जावं लागतं. त्या लेकराला कितींदा उठवू?"

मामा तिच्यावर खेकसले, "गप की गं!" आणि माझ्याकडं न बघता तांब्या पुढं केला. माझ्या डोळ्यांना दिसत नव्हतं. मी चाचपडत आत गेले आणि माठातून तिसरा तांब्या भरून आणला.